फाल्गुनातील कामे कोणाची?

माघ सरत आला की आमच्या बेळगावच्या परसांत पाचोळा साचू लागतो. तो झाडून कोपऱ्यात पेटवून देण्याची रीत जुनी खरी, पण ती आम्हांस मान्य नाही. हाच पाचोळा खड्ड्यात घालून त्यावर शेणकाला व माती यांचे थर दिले, अधूनमधून पाणी शिंपडले, तर मृगाच्या सुमारास उत्तम खत हाती येते. धुराने शेजाऱ्यांचे डोळे तेवढे चुरचुरतात! मोगऱ्याची छाटणीही याच दिवसांतली. ती चुकली की उन्हाळ्यात फुले बेताचीच.

परंतु हे सारे करावयाचे कोणी? शालान्त परीक्षा तोंडावर आली की मुलास घरकाम माफ होते. त्याच परीक्षेस बसणाऱ्या बहिणीची मात्र कुरडयांचा गहू भिजत घालणे, ३ दिवस त्याचे पाणी बदलणे, चीक शिजवताना घाटणे यांतून सुटका नाही. आम्हां मुलांना याची लाज वाटली पाहिजे. खड्डा खणण्यास एक सकाळ पुरते. सोऱ्या दाबण्यास तर मनगटात जोर हवा, आणि त्याची प्रौढी आम्ही मैदानावर रोज मिरवतो. यंदा गच्चीवर कुरडया घालताना एक सोऱ्या आमच्या हाती द्यावा, एवढेच घरोघरच्या आयांपाशी व ताईंपाशी मागणे आहे. पहिल्या काही वाकड्या होतील. त्या आम्हीच खाऊ.