आरांची फुलदाणी ही सजावट नव्हे



गॅलऱ्या फुलांची जुनी चित्रे पुन्हा बाहेर काढतात म्हणजे दिवाणखान्याच्या सजावटीला आधुनिकतेचा मुलामा देतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत कृष्णाजी आरांच्या बाबतीत मला मुळीच पटत नाही. मोटारी धुऊन पोट भरणारा, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा चित्रकार. १९४२ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले, १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन या चित्रकारांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला.

त्यांची फुलदाणी जरा जवळ जाऊन पाहावी. जलरंगसुद्धा ते तैलरंगासारखे जाड लावत. पाकळीचा काठ सुटतो, उरतो रंगाचा ठसठशीत डाग. फूल केवळ निमित्त. तिथून अमूर्त फार लांब नाही. मढहून काळा घोड्याच्या गॅलऱ्यांपर्यंतचा प्रवास मी अशा चित्रांसाठी आनंदाने करतो.

लिलावातल्या किमतींवरचा पत्रलेखकाचा राग मलाही मान्य आहे, पण तो चित्रावर का काढायचा? १९८५ मध्ये आरा गेले. त्यांची चित्रे मांडणाऱ्यांनी खाली मराठीतही माहिती लावावी आणि उपनगरांतल्या शाळांना आवर्जून बोलवावे.

— एक वाचक, मढ, मालाड (पश्चिम)