‘नेट नाही’ हे उत्तर नव्हे

जालना जिल्ह्यात मंठा, परतूर, घनसावंगी या तालुक्यांतून हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कानी एक वाक्य वारंवार पडते : “आज नेट नाही, उद्या या.” पीकविम्याचा अर्ज असो, सातबाराचा उतारा असो, अथवा सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झालेली ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी असो; या एका वाक्यापुढे माणसाचा हक्क निमूटपणे घरी परततो. परतणाऱ्या बाईची आजची मजुरी बुडालेली असते आणि उद्याचीही बुडणार असते. ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. तिच्या संथ गतीवर टीका व्हावी तेवढी थोडीच. परंतु पुष्कळदा दोष तारेत नसून टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये असतो, हे कोणी तपासूनच पाहत नाही.

तपासणी अवघड नाही. त्याच वायफायवर मोबाइल चालतो काय, एवढे प्रथम पाहावे. तोही चालत नसेल तर दोष राउटरचा वा तारेचा. तक्रार तिकडे करावी, आणि लेखी करावी. मोबाइल चालतो व लॅपटॉप अडतो, तर वायफायचे बटण वा विमानाच्या चिन्हाची कळ चुकून दाबली गेली नाही ना, हे बघावे.

सर्वांत फसवा दोष लहरींचा. जुन्या स्वस्त लॅपटॉपांतील कित्येक वायफाय कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात. नव्या मोबाइलचा हॉटस्पॉट मात्र ५ गिगाहर्ट्झवर लावलेला असू शकतो. मग शेजारीच ठेवलेल्या मोबाइलचे नाव लॅपटॉपच्या यादीत उमटतच नाही आणि यंत्र मेले असा निकाल दिला जातो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडले की मेलेले यंत्र उठून बसते! नाव दिसते पण आत प्रवेश नाही, असे झाल्यास राउटरवर केवळ डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षा ठेवलेली आहे काय ते पाहून डब्ल्यूपीए-२ ची सोय करावी.

घड्याळाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. यंत्राच्या आतील नाण्याएवढा सेल संपला की लॅपटॉपची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते आणि पान उघडत नाही. वायफाय जोडलेले, मोबाइल सुरळीत, तरीही “नेट नाही”! तारीख दुरुस्त केली की काम सुरू होते. सेल अगदी किरकोळ किमतीचा.

जोडणी दर काही मिनिटांनी तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचविण्यासाठी वायफाय बंद करण्याची मुभा काढून घ्यावी. अपडेटनंतर बिघाड झाला असल्यास ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा. राउटरला चिकटून चालते आणि दोन पावलांवर तुटते, तर बिजागरीतून जाणारी अँटेनाची तार सुटली वा तुटली असण्याचा संभव अधिक. तेव्हा काही शे रुपयांचा यूएसबी डोंगल पुरतो. आणि रांग दारात उभी असताना यांपैकी काहीच साधले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करावे. त्याला वायफाय लागतच नाही.

जालना शहरातील पोलाद कारखाने भंगार वितळवून सळया काढतात. जिल्ह्यातील शेतकरी जळालेली मोटार फेकत नाही, रिवाइंडिंग करून आणतो. त्याच जिल्ह्यात लॅपटॉपपुरता मात्र “जुना झाला, नवा घ्या” हा बाजाराचा मंत्र का चालावा? विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०१७ पूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. धडधाकट यंत्रे अशी कागदावर म्हातारी ठरविली जातात. लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. पण बोटांचे ठसे घेणारे यंत्र त्यावर चालते काय, हे आधी पडताळावे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेर संकेतस्थळही उघडले. ते संकेतस्थळ पाहावयास नेट लागते, हा विनोद आमचा नव्हे.

केंद्रचालकावर राग काढून काही साधणार नाही. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक किमान वेतनासाठी आझाद मैदानावर अनेकदा बसून गेले आहेत. नवा लॅपटॉप त्यांनी पदरमोड करून घ्यावा, ही अपेक्षाच अन्यायाची. सेल, केबल आणि डोंगल यांचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा. आणि अर्जदार परत पाठविला गेला तर तारीख व नेमका दोष वहीत लिहून त्याची प्रत त्यास मिळावी. मुदत संपल्यास त्या नोंदीच्या आधारे त्याचा अर्ज स्वीकारला जावा. एवढी मागणी येत्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडता येईल. ठराव लिहिताना वहीत ‘नेट नाही’ एवढीच नोंद चालणार नाही, हेही त्यात घालावे.