एकट्याचा प्रवास खरंच एकट्याचा असतो का?

आपाचा मुलगा ॲडलेडला नोकरी करतो. मध्यंतरी त्याने घरी कळवले, की सुट्टीत तो एकटाच गाडी घेऊन ऊडनाडाटा ट्रॅकवर जाणार आहे. मग घरात जे व्हायचे ते झाले. आपाने जेवण सोडले. दुल्हाभाई म्हणाले, "पोराला वेड लागलंय." शेवटी त्याला समजावण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

मी फोन केला. त्याने तयारी नीट केली होती. जादा पाणी, दोन स्टेपन्या, सॅटेलाइट फोन, सगळे होते. पण बोलता बोलता तो म्हणाला, "मामू, मला कुणाची सोबत नको. फक्त मी आणि रस्ता." त्याने जाऊ नये, असे मला वाटत नाही. मात्र हे वाक्य मला खटकले. एकट्याने भटकंती करणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली आपली मुले रोज पाहतात. त्यातला सूर असा असतो, की समोर ओसाड, निर्मनुष्य प्रदेश आहे आणि तो जिंकणारा एकटा मी. हा सूर खोटा आहे.

हा रस्ता दक्षिण ऑस्ट्रेलियात मारी ते मार्ला असा जातो. लांबी सहाशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या चौपट, आणि जवळपास सगळा कच्चा. वाटेतल्या विल्यम क्रीक गावात मोजून थोडी माणसे राहतात. पाऊस पडला की चिखल होतो आणि रस्ता बंद करतात. अशा ठिकाणी रस्ता झालाच कसा? कारण जमिनीखालचे पाणी तिथे झऱ्यांतून आपोआप वर येते. हे झरे तिथल्या अराबाना आदिवासींना हजारो वर्षे ठाऊक होते. १८५९ मध्ये जॉन मॅकडुआल स्टुअर्ट हा गोरा संशोधक याच झऱ्यांच्या माळेने उत्तरेकडे सरकला. मागून १८७२ मध्ये तारेची लाइन पूर्ण झाली, पुढे रेल्वे आली. ज्याला आपण ओसाड म्हणतो, तो प्रदेश कुणाचे तरी घर होते आणि आहे.

दुसरे पाय उंटवाल्यांचे. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले नेण्यात आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्या मोहिमेत बर्क आणि विल्स दोघेही मेले. त्यांच्यासोबतचा जॉन किंग तेवढा वाचला, तोही यांद्रुवांद्रा आदिवासींनी सांभाळला म्हणून. पुढच्या काही दशकांत दोन हजारांच्या आसपास उंटवाले ऑस्ट्रेलियात गेले. सगळ्यांना 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण असे सगळे होते. तारेचे खांब, रेल्वेचे सामान, खेड्यांचे पीठ-मीठ, मेंढपाळांची लोकर त्यांच्या काफिल्यांनी वाहिली. मारीत त्यांनी खजुराची झाडे लावली आणि मातीची साधी मशीद बांधली. वजूसाठी शेजारी हौद होता.

बदल्यात काय मिळाले? मारीत रुळांच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व आदिवासी, अशी वस्तीची फाळणी होती. १९०१ च्या कायद्याने गोरेतरांना देशात येण्याची दारे बंद केली. आयुष्य तिथे घालवूनही अनेकांना नागरिकत्व नाकारले गेले. मोटारी आल्यावर उंटही नकोसे झाले. आज ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या महागड्या रेल्वेचे नाव मात्र 'द घॅन' आहे, या 'अफगाणां'वरूनच पडलेले, आणि तिच्यावर उंटाचे चित्र आहे. माणसाला नागरिकत्व नाकारायचे आणि त्याचे नाव गाडीला द्यायचे, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

एकट्या प्रवासाचे सर्वांत गाजलेले उदाहरण रॉबिन डेव्हिडसन यांचे. १९७७ मध्ये ही तरुणी उंट आणि कुत्रा घेऊन ॲलिस स्प्रिंग्जहून हिंदी महासागरापर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर चालली. तिची हिंमत मोठीच. पण उंट हाताळायला ती सॅली महोमेत या उंटवाल्याकडून शिकली आणि वाटेत काही दिवस एक आदिवासी बुजुर्ग तिच्यासोबत चालले. तिने ते लपवले नाही, स्वतःच्या पुस्तकात लिहिले. आपण मात्र 'एकटी' हा शब्द लक्षात ठेवला.

हे वाचून आपल्याकडे कुणी छाती फुगवून सांगेल, की ऑस्ट्रेलिया आपल्या लोकांनी घडवला. तेही नको. उंटवाल्यांच्या जनावरांनी आदिवासींचे पाणवठे नासवले, हाही इतिहास आहे. उपकार मानताना हिशोब पूर्ण मांडावा.

रस्त्याआधी सोबती शोधा, अशी अरबीत म्हण आहे. आपल्याकडे तिचा उपयोग मुलांना आणि विशेषतः मुलींना घरात बसवण्यासाठी होतो. मला तिचा अर्थ वेगळा दिसतो. सोबती गाडीतच असायला हवा असे नाही. ज्यांच्या खुणांवरून आपण चाललो आहोत, त्यांची ओळख करून घेणे हीसुद्धा सोबतच आहे. आणि तिथले व्यावहारिक नियमही हेच सांगतात: निघताना कुणाला तरी कळव, समोरून येणाऱ्याला हात कर, गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत सुटू नकोस, कारण तुला शोधायला माणसेच येणार आहेत.

भाच्याला मी एवढेच सांगितले: खुशाल जा. मारीत मूळ मशिदीच्या धर्तीवर उभारलेली छोटीशी प्रतिकृती आहे, तिथे थांबून पुढे जा. तो म्हणाला, "मामू, उशीर होईल." म्हटले, मुसाफिराची नमाज छोटी असते. नाही होणार.