मुहूर्त नाही म्हणजे काय नाही?

आमच्या वस्तीत एका मुलीचे लग्न ठरले. सर्वांना सुटी म्हणून रविवार धरला, बौद्धाचार्यांना सांगून झाले. तेवढ्यात मुलाकडचे कोणी गुपचूप पंचांग पाहून आले. म्हणाले, "रविवारी मुहूर्त नाही, बुधवार धरा." बुधवार म्हणजे सगळ्या पाहुण्यांचा खाडा! मुलीची आई आमच्याकडे आली. "ताई, मुहूर्त नाही म्हणजे नेमकं काय नाही हो?"

भगिनींनो, प्रश्न चांगला आहे. पंचांगात तिथीचा हिशेब असतो तो सूर्य-चंद्राचा. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अशा तीस तिथींचे साधारण साडेएकोणतीस दिवस होतात. सूर्योदयाला असेल ती त्या दिवसाची तिथी. दोन सूर्योदयांच्या मधेच एखादी सुरू होऊन संपली, तर तिचा क्षय झाला म्हणतात. त्यात अशुभ काही नाही, नुसते गणित आहे. आपली वैशाख पौर्णिमाही याच गणिताने येते.

मुहूर्त हेही मुळात मापच. दिवस-रात्रीचा तिसावा भाग, म्हणजे ४८ मिनिटे. त्याला शुभ-अशुभ चिकटवले ते माणसांनी. राहुकाळाचेच पाहा. सूर्योदय ते सूर्यास्त असे आठ भाग करायचे आणि वाराप्रमाणे एक भाग वर्ज्य मानायचा. सोमवारी तो साधारण साडेसात ते नऊ. नेमके तेव्हाच आपली माणसे डबा घेऊन कामाला निघतात! आणि राहू नावाचा ग्रह आकाशात नाहीच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते, तो हा बिंदू.

नक्खत्त जातकात अशीच गोष्ट आहे. वराकडच्यांनी लग्नाचा दिवस ठरवला, मग आपल्या तपस्व्याला विचारले. आधी विचारले नाही याचा त्याला राग आला. 'आज नक्षत्र चांगले नाही,' असे त्याने सांगितले. वऱ्हाड गेलेच नाही. वधूकडच्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली. नक्षत्र विचारणारे हात हलवीत परतले.

आम्ही त्या माउलीला एवढेच म्हणालो, "व्याह्यांना हीच गोष्ट सांगा." तिने सांगितली. लग्न रविवारीच झाले, कोणाचा रोज बुडाला नाही.

तुमच्या घरी कार्य असेल तर सुटी पाहा, पाऊसपाणी पाहा, गाठीचा पैसा पाहा. मुलीची परीक्षा तर नाही ना, तेही पाहा. तारीख त्यावरून धरा.