मृत्युलेखांचा मानदंड

‘न्यूयॉर्क टाइम्स’ हे अमेरिकेतील दैनिक १८५१ साली निघाले. तेव्हापासून आपण छापलेले बहुसंख्य मृत्युलेख गोऱ्या पुरुषांचे होते, अशी कबुली त्याने मार्च २०१८ मध्ये महिलादिनी दिली आणि राहून गेलेल्या व्यक्तींचे मृत्युलेख छापण्यास प्रारंभ केला. आरंभीच्याच नावांत कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध लेखणी झिजविणाऱ्या आयडा बी. वेल्स (निधन १९३१) होत्या. पती आजारी पडल्यावर ब्रुकलिन पुलाचे काम तडीस नेणाऱ्या एमिली रोबलिंग होत्या. आपली मधुबालाही होती. कबुली प्रामाणिक होती. तिला १६७ वर्षे लागली, एवढेच.

त्याच वर्षी या मालिकेत पंडिता रमाबाईंचा लेख आला. रमाबाई अमेरिकेला अपरिचित नव्हत्या. १८८६ साली त्या तेथे गेल्या, १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या कार्यासाठी बोस्टन येथे मंडळ स्थापन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावी निवर्तल्या तेव्हा मात्र या पत्राला त्यांची आठवण झाली नाही. अर्थात महाराष्ट्राने त्यावरून अमेरिकेला नावे ठेवू नयेत. १८८३ च्या धर्मांतरानंतर येथील पुष्कळ सुशिक्षितांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली होती.

जागा मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असेही नाही. उपग्रहांना कक्षेत ठेवणाऱ्या प्रणोदन यंत्रणेचा शोध लावणाऱ्या इव्हॉन ब्रिल २०१३ साली वारल्या, तेव्हा याच पत्राने लेखाचा आरंभ त्यांच्या हातच्या मांसाहारी पदार्थाच्या चवीने केला. पतीच्या नोकरीमागे त्या गावोगाव गेल्या, मुलांसाठी आठ वर्षे घरी राहिल्या, हे सांगून झाल्यावर शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख आला. टीका झाली आणि पहिले वाक्य बदलण्यात आले.

परंतु या दुरुस्तीलाही एक मर्यादा आहे, आणि ती वर्गाची आहे. राहून गेलेल्यांत शोध घेतला जातो तो पुन्हा कर्तबगार, नामवंत व्यक्तींचाच. गिरणीत हयात घालविलेला जॉबर वा खातेवाला, बाजार समितीतील हमाल, मैला वाहून नेणारा सफाई कामगार यांना वृत्तपत्रात स्थान मिळते ते अपघातातील मृतांच्या आकड्यात. नाही तर घरच्यांनी पैसे मोजून दिलेल्या चौकटीत. तेथे जागेचा दर सेंटिमीटरवर असतो, म्हणून साऱ्या आयुष्याची बोळवण ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या एका वाक्यात होते.

चळवळीची नियतकालिके तरी यापासून किती दूर आहेत? पुढाऱ्याच्या निधनावर विशेषांक निघतो. त्याच्या पत्नीच्या निधनाची चार ओळींची बातमी ‘अमुकांच्या सहधर्मचारिणी’ या शब्दांनी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. येथे स्वयंपाकाचा उल्लेखही नसतो, आणि तो असायला हवा. कारण भूमिगतांना रात्री-अपरात्री रांधून घालणे हे पक्षकार्यच होते. १९७५ च्या आणीबाणीत पती तुरुंगात असताना युनियनची वर्गणी कोणी गोळा केली, संपात चाळीतली चूल कोणी पेटती ठेवली, हे शाखाशाखांतील वृद्ध कार्यकर्त्यांना अजून नावानिशी सांगता येते. त्यांतील बहुतेकांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे.