बॉस्वेलच्या हातातला दोर

प्रवासवर्णन शिकवताना अलीकडे एक लेखनप्रकार वारंवार समोर येतो : छोट्या, महागड्या पर्यटनजहाजावरील प्रवाशाची रोजनिशी. न्याहारीला काय होते, कोणत्या बेटावर उतरलो, रात्री जेवणाच्या मेजावर शेजारी कोण होते. जहाजे बदलतात, समुद्र बदलतात. रोजनिशी तीच राहते. हे लेखन एवढे निर्जीव का होते? 'जिथे कष्ट नाहीत तिथे साहित्य नाही' हे त्याचे ठरलेले उत्तर मला पटत नाही.

'हेब्रिडियन प्रिन्सेस' हे उदाहरण घेऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांमधून फिरणारे हे जहाज. प्रवासी सुमारे ५०, दिमतीला ३८ कर्मचारी. प्रवाशांना शांत झोप लागावी म्हणून रात्री ते बहुधा एखाद्या आडोशाच्या खाडीत नांगर टाकते. दिवाणखान्यात शेकोटी आहे. मद्य, किनाऱ्यावरच्या सहली, सारे भाड्यातच धरलेले. बक्षिसीचीही अपेक्षा नाही. म्हणजे पैसा एकदाच मोजायचा आणि मग त्याचा उच्चारही कानावर पडू द्यायचा नाही. २००६ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, राणी एलिझाबेथने कुटुंबासाठी हे जहाज भाड्याने घेतले होते, हे कोणतीही रोजनिशी सांगायला विसरत नाही.

मात्र हेच जहाज १९६४ मध्ये ॲबर्डीन येथे 'कोलंबा' या नावाने बांधले गेले ते बेटांवरच्या वाहतुकीसाठी. त्यातून ६०० उतारू आणि ५० मोटारी जात. १९८९ मध्ये त्याचे रूपांतर झाले. जिथे बारा माणसे दाटीवाटीने उभी राहत, तिथे आता एक जण पाय पसरून बसतो. रोजनिशीकार ही माहिती देतो आणि पुढच्याच वाक्यात सूपकडे वळतो. त्या रिकाम्या झालेल्या जागेतच आपण बसलो आहोत, हे त्याला जाणवत नाही. आक्षेप आहे तो इथे, सूपाला नव्हे.

याच समुद्रातून ३ ऑक्टोबर १७७३ रोजी सॅम्युएल जॉन्सन आणि जेम्स बॉस्वेल जात होते. वादळाने त्यांची नौका भरकटून कॉल बेटाला लागली. घाबरलेल्या बॉस्वेलने विचारले, मी काय मदत करू? सोबत असलेल्या, कॉलच्या जमीनदाराच्या तरुण वारसाने डोलकाठीला बांधलेला एक दोर त्याच्या हाती दिला आणि सांगितले, मी म्हणेन तेव्हा ओढ. बॉस्वेल निष्ठेने दोर धरून उभा राहिला. ओढण्याची आज्ञा कधी आलीच नाही. खलाशांच्या वाटेतून त्याला दूर ठेवण्याची ती युक्ती होती.

आजच्या जहाजावरील सायकली, मासेमारीच्या काठ्या, हॅगिसची समारंभी मेजवानी ही सारी या दोराचीच वंशावळ म्हणता येईल. रिकाम्या माणसाला गुंतवून ठेवायचे, आणि त्याला ते कळू द्यायचे नाही. फरक एवढाच की बॉस्वेलला ते कळले, आणि स्वतःची फजिती त्याने १७८५ च्या ग्रंथात छापली. आपला रोजनिशीकार दोर घट्ट धरून उभा आहे. आपण जहाज चालवतो आहोत, असा त्याचा समज आहे. (रविवारच्या पुरवण्यांतले आपले क्रूझलेखकही याला अपवाद नाहीत.)

आणि जॉन्सन? तो त्या वादळात खाली पडून होता, पाठीला ऊब द्यायला एक शिकारी कुत्रा घेऊन. सुखवस्तू प्रवासी म्हणावा तर तोच! आपल्या १७७५ च्या पुस्तकात वादळ त्याने थोडक्यात आटोपले. पण वाऱ्यामुळे कॉलवर अडकून पडलेल्या दिवसांत त्याने बेट पाहिले, चौकशी केली. उडत्या वाळूखाली गेलेली जमीन, त्या तरुण वारसाने केलेला सलगमच्या लागवडीचा प्रयोग, हे सारे त्याच्या पुस्तकात आहे. कॉलच्या माणसांची ने-आण आज सरकारी मालकीच्या वेगळ्या बोटी करतात. 'प्रिन्सेस'च्या किती प्रवाशांना त्या बोटीविषयी कुतूहल वाटले असेल? जॉन्सन तर बेटावरच्या दुकानाविषयीही लिहितो. बॉस्वेलची वही भरून गेली होती, म्हणून त्याने कॉलमध्येच कागद विकत घेतला.