पेडण्याहून आलेले हाड

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब पेडणे महालातील मूळ घरी जाऊन आलो. तीन पिढ्या बडोद्यात गेल्या तरी देवकार्यास तिकडेच जावे लागते. परतल्यावर वळकटी सोडली, तो आत पंचात गुंडाळलेले दीड वीत लांबीचे एक हाड! केरीच्या किनाऱ्यावर ते आमच्या नातवास सापडले होते. त्याचा निर्णय ठाम होता. "आजोबा, हा समुद्रातल्या राक्षसी सरड्याचा पाय."

डिचोलीच्या व्याह्यांनी फोनवरून त्याचीच बाजू घेतली. तिकडचा खडक अतिप्राचीन, त्यात काय निघणार नाही, असे त्यांचे म्हणणे. खडक प्राचीन खरा, पण घोडे अडते ते तेथेच. पेडणे-डिचोलीचा लोहखनिजाचा खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना. पाठीचा कणा असलेले जीव पृथ्वीवर आले त्यास पन्नास-बावन्न कोटी वर्षे झाली असतील. हाड म्हणून काही जन्मास येण्यापूर्वीचा तो दगड! त्यात सरडा कोठून असणार?

मग हाडच पाहावयास घेतले. जीवाश्माच्या छिद्रांत खनिजे भरून ते दगडासारखे जड होते. हे हलके होते, आतून पावासारखे सच्छिद्र. तापलेली सुई टेकविली, तो केस जळाल्याचा वास घरभर पसरला. (यावर गृहिणीचे मत येथे देत नाही.)

नातवाच्या मनातला प्राणी म्हणजे इक्थिओसॉर. मत्स्य-सरडा असा त्या नावाचा अर्थ. त्याचे दंडाचे हाड आखूड व रुंद असते. कोपराखालची जी दोन हाडे आपल्या हातात लांब नळ्यांसारखी, ती त्याच्यात चपट्या चकत्या होतात आणि बोटांच्या जागी फरसबंदीसारख्या चकत्यांच्या रांगा लागतात. ऑफ्थॅल्मोसॉर कुळात दंडाच्या खालच्या टोकाशी दोनाऐवजी तीन हाडे जुळतात. जाणकार कूळ ओळखतात ते बरेचसे अशा खुणांवरून. आमच्या हाडाच्या वरच्या टोकास मात्र चेंडूसारखा गोल गोळा होता. तो खांद्याच्या खोबणीत फिरतो, आणि असा दंड देवमाशाचा.

नातू हिरमुसला. तेव्हा त्यास सांगितले की, खरा इक्थिओसॉर आपल्याच गुजरातेत निघाला आहे. कच्छमधील लोडाई गावाच्या दक्षिणेस सुमारे साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वय सुमारे पंधरा कोटी वर्षे. भारतातील ज्युरासिक काळचा हा पहिलाच इक्थिओसॉर. शोधावयाचे ते घराजवळ होते, आणि आम्ही गोव्याहून ओझे वाहून आणले.

पुढची गोष्ट सांगताना थोडी लाज वाटते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशास संरक्षण आहे. मेलेल्या प्राण्याचे अवशेषही सरकारची मालमत्ता. हाती आल्यापासून ४८ तासांत वनाधिकाऱ्यास वा पोलीस ठाण्यास कळवावे लागते. मोरजीच्या वाळूत अंडी घालणाऱ्या कासवांचेही तसेच. आमची मुदत वळकटीतच संपली होती. अर्ज लिहून, झाले ते खरे सांगून हाड वनखात्याच्या स्वाधीन केले. नातू बरोबर आला होता. बाहेर पडताना त्याने एवढेच विचारले, "लोडाईला किती तास लागतात?"